नवजात बालकांच्या डोळ्यांच्या तपासणीविषयी जळगाव व धुळे जिल्ह्यांतील नागरिकांना जाहीर आवाहन

जन्मतः आढळणारा डोळ्यातील दोष पुष्कळदा डोळ्यापुरता नसतो. गुणसूत्रांतील किंवा जनुकांतील एकाच बदलामुळे अनेक अवयवांत जी लक्षणे एकत्र दिसतात आणि ज्यांच्या समूहाला वैद्यकात ‘सिंड्रोम’ म्हणतात, त्यांपैकीच तो एक असतो. २१व्या गुणसूत्राची एक जादा प्रत असलेल्या डाऊन सिंड्रोमच्या बालकांत मोतीबिंदू, तिरळेपणा व चष्म्याचा मोठा नंबर इतर मुलांपेक्षा अधिक आढळतो. बुबुळातील रंगीत पडदा, म्हणजे परितारिका, जवळजवळ तयारच झालेली नसेल, तर ११व्या गुणसूत्राचा तुकडा गळालेला असू शकतो, आणि अशा बालकाला मूत्रपिंडाच्या गाठीचा धोका असल्यामुळे त्याच्या पोटाची सोनोग्राफी ठरावीक काळाने करावी लागते. म्हणून डोळ्यात दोष दिसल्यास सर्व शरीराची आणि सिंड्रोमचे निदान झाल्यास डोळ्यांची तपासणी अटळ मानली पाहिजे.

पाहणे हे मेंदूला पहिल्या काही महिन्यांत शिकावे लागते. दाट मोतीबिंदूमुळे प्रकाश अडला तर हे शिक्षण खुंटते, म्हणून त्याची शस्त्रक्रिया साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या आत व्हावी असे नेत्रतज्ज्ञ सांगतात. उशिरा झालेल्या शस्त्रक्रियेने भिंग निघते, पण नजर पुरती येत नाही. खानदेशातील बाळंतीण मात्र सव्वा महिना घरातच असते, आणि नेमका हाच काळ हातचा जातो. टपोरे डोळे म्हणून ज्यांचे कौतुक होते, ते पाणावत असतील, उजेडात मिटत असतील आणि बुबुळ धुरकट दिसत असेल, तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो; त्यावर दृष्ट काढणे, काजळ घालणे किंवा मध सोडणे हा उपाय नव्हे.

ग्रहणात भाजी चिरली म्हणून असे मूल झाले, हा ठपका आईवर ठेवणे सर्वस्वी अन्यायाचे आहे. डाऊन सिंड्रोममधील जादा गुणसूत्र बहुधा बीजपेशी तयार होतानाच्या योगायोगाने येते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला आणि जन्मजात मोतीबिंदू व डाऊन सिंड्रोम हे दोन्ही त्याच्या यादीत आहेत. परंतु त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदाच येत असल्याने त्याची वाट पाहणे परवडणारे नाही. आशा कार्यकर्ती ४२व्या दिवशी घरी येते, तेव्हा, किंवा शंका असल्यास त्याआधीच, बाळाच्या बाहुलीत पांढरट झाक आहे का आणि बुबुळे सारखी थरथरतात का, हे तिला पाहायला सांगावे. यावल-चोपड्याच्या सातपुडा पट्ट्यातील पाड्यांपासून साक्री-शिरपूरपर्यंत प्रत्येक कुटुंबाने, अशी शंका येताच, सव्वा महिना पुरा होण्याची वाट न पाहता, बाळाला जळगाव किंवा धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्ररोग विभागात न्यावे.