सातारा की सांगली? राहायला कोणतं शहर भारी, याचं उत्तर नदीला विचारायला लागतंय

पुण्यातल्या ट्रॅफिकला आणि मुंबईतल्या घरभाड्याला वैतागलेल्या माणसाच्या डोक्यात एक विचार हमखास येतो. गड्या, आपला गाव बरा. त्यातही हा माणूस पश्चिम महाराष्ट्रातला असला, तर पुढचा वाद ठरलेला असतो. सातारा भारी की सांगली?

सातारकर अजिंक्यतारा, कास आणि कंदी पेढ्यावर बोलायला लागतो. सांगलीकर भडंग, हळद आणि नाटकाचा विषय काढतो. दोघंही माघार घेत नाहीत. गंमत म्हणजे ही दोन्ही शहरं काल-परवापर्यंत एकाच घरातली होती. आणि आज या दोन्ही शहरांत राहणं किती सुखाचं आहे, ते एकाच नदीच्या पाण्यावर ठरतंय.

हा नेमका विषय काय आहे, ते बघू.

एकाच जिल्ह्याच्या दोन वाटण्या

इंग्रजांच्या काळात सातारा जिल्हा बराच मोठा होता. आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके साताऱ्यातच होते. सांगली, मिरज, जत ही वेगळी संस्थानं होती. स्वातंत्र्यानंतर संस्थानं विलीन झाली आणि १९४९ मध्ये हा सगळा भाग एकत्र करून 'दक्षिण सातारा' नावाचा जिल्हा तयार झाला. १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं.

म्हणूनच १९४३ ते १९४६ या काळात ज्याला 'साताऱ्याचं प्रतिसरकार' म्हणायचे, त्याची मोठी केंद्रं आज सांगली जिल्ह्यात सापडतात. क्रांतिसिंह नाना पाटलांचं येडेमच्छिंद्र वाळवा तालुक्यातलं. कुंडल पलूस तालुक्यातलं. नाव साताऱ्याचं आणि गावं सांगलीची, असा हा मामला.

साताऱ्याचा स्वभाव डोंगराने घडवला

१७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटले आणि १७०८ मध्ये साताऱ्यात त्यांचा राज्याभिषेक झाला. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला त्यांनी शहर वसवलं. सोमवार, मंगळवार, बुधवार अशा वारांच्या पेठा पडल्या. शनिवारवाड्याचा दरारा वाढायच्या आधी मराठा राज्याची सूत्रं या गावातून हलत होती. १८४८ मध्ये डलहौसीने सातारा संस्थान खालसा केलं आणि राजधानीचं गाव जिल्ह्याचं गाव झालं.

पण गावाचा रुबाब टिकला. त्यात शिक्षणाची भर पडली. ७ नोव्हेंबर १९०० ला भीमराव आंबेडकर या मुलाचं नाव इथल्या सरकारी शाळेत घातलं गेलं. तीच आजची प्रतापसिंह हायस्कूल. हा दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि नंतर तिचं मुख्यालय साताऱ्यात आणलं. देशातली पहिली सैनिक शाळाही १९६१ मध्ये इथेच सुरू झाली.

साताऱ्याला 'पेन्शनरांचं शहर' म्हणायची पद्धत आहे. निवृत्त फौजी आणि मास्तर, बरी हवा, बेताची गर्दी, पुणे साधारण ११० किलोमीटरवर आणि महामार्ग शहराला खेटून. दुपारी गाव निवांत. संध्याकाळी राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत गजबज.

सांगलीचा स्वभाव नदीने घडवला

सांगली सपाटीवरचं, कृष्णेच्या काठचं गाव. नाव कसं पडलं, तर 'सहा गल्ल्यांचं गाव' असं लोक सांगतात. मिरजेच्या पटवर्धनांमध्ये वाटणी झाली आणि चिंतामणराव पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगलीत स्वतंत्र राजधानी उभी केली. त्यांच्याच सांगण्यावरून विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' रंगमंचावर आणलं. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात ते त्यामुळे.

नदीकाठची काळी माती, त्यामुळे ऊस, हळद आणि द्राक्षं. पीक आलं म्हणून बाजार आला. सांगलीची हळद बाजारपेठ देशात नावाजलेली आहे. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला जीआय मानांकनही मिळालं. शेजारची मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. वॉनलेस हॉस्पिटलपासून सुरू झालेली ही परंपरा १९६२ मध्ये आलेल्या सरकारी मेडिकल कॉलेजने वाढवली. तिथल्याच गल्ल्यांत सतार आणि तानपुरे तयार होतात. १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महापालिका झाली.

थोडक्यात, सातारा हे दरबाराचं आणि शाळेचं गाव. सांगली हे पेठेचं आणि नाटकाचं गाव. सातारकर हवा सांगतो, सांगलीकर भाव सांगतो.

पाऊस एकीकडे, पाणी दुसरीकडे

आता मुद्द्याची गोष्ट. सांगली शहरात पाऊस तसा कमीच. वर्षाला सरासरी सहाशे मिलिमीटरच्या आसपास. तिकडे महाबळेश्वरला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर सहज पडतो. कृष्णा तिथे उगम पावते. कोयनाही तिथलीच. दोघी कराडच्या प्रीतिसंगमावर भेटतात आणि खाली सांगलीकडे निघतात. सांगलीजवळ हरिपूरला वारणा येऊन मिळते.

म्हणजे सांगलीत ऊन पडलेलं असतं आणि तरीही नदी चढत असते. सांगलीकर पावसाळ्यात आभाळाकडे कमी बघतो. तो बघतो १९२९ च्या आयर्विन पुलाकडे आणि कोयनेतून किती पाणी सोडलं या बातमीकडे. पुलाजवळ ४० फुटांवर इशारा पातळी आणि ४५ फुटांवर धोका पातळी. ही दोन आकडेवारी सांगलीतल्या शाळकरी पोरालाही पाठ असते.

२००५ च्या पुरात पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं. हरिपूर भागात हळद साठवायची जमिनीखालची पेवं होती. त्या पुराने त्यांचं मोठं नुकसान केलं आणि एक जुनी पद्धत मोडकळीला आली. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, बाजारपेठ बुडाली. ब्रह्मनाळमध्ये लोकांना बाहेर काढणारी बोट उलटून माणसं दगावली. सांगली आणि कोल्हापूर मिळून चार लाखांहून जास्त लोकांना घर सोडावं लागलं.

जुलै २०२१ मध्ये तर दोन्ही जिल्ह्यांचं दुखणं एकच आहे, हे स्पष्ट दिसलं. महाबळेश्वरला २४ तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर आले. तेच पाणी पुढे सांगलीत शिरलं. वर दरड, खाली पूर.

जे आवडतं तेच धोक्यात

सांगली आवडते ती नदीकाठामुळे, आणि सांगली वाढली तीही नदीच्याच जागेत. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर या भागांत सगळ्यात आधी पाणी येतं. तिथे राहणारी माणसं काही हौसेने गेलेली नाहीत. स्वस्तात जागा तिथेच मिळाली. ज्यांना परवडलं ते विश्रामबागसारख्या उंचावरच्या भागात सरकले.

२०१९ च्या पुरानंतर सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अतिपाऊस आणि नदीपात्रातली, पूरक्षेत्रातली बांधकामं यांवर समितीने बोट ठेवलं. अलमट्टी धरण हे या पुराचं थेट कारण नाही, असं तिचं म्हणणं होतं. सांगलीतल्या अनेकांना ते मान्य नाही. त्यात कर्नाटकला अलमट्टीची पाणीपातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायची आहे. २०२५ मध्ये या हालचालींनी पुन्हा वेग घेतला आणि महाराष्ट्राने विरोध केला. हा वाद सुटायचा तेव्हा सुटेल. पण ओढे बुजवून पाडलेले प्लॉट कर्नाटकने पाडलेले नाहीत, हेही तितकंच खरं.

साताऱ्याचं दुखणं वेगळं. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत गेलं. फुलांच्या दिवसांत गर्दी आवरेना म्हणून तिकीट आणि ऑनलाइन बुकिंग आलं. यवतेश्वरपासून कासपर्यंतच्या रस्त्यावर हॉटेलं, रिसॉर्ट उभी राहिली. त्यातल्या बेकायदा बांधकामांचा वाद अधूनमधून पेटतो. आता नवीन महाबळेश्वर गिरिस्थान प्रकल्प येतोय. त्याच्या मूळ आराखड्यात सातारा, जावळी, पाटण या भागातली २३५ गावं होती. स्थानिक पोरांना गावातच रोजगार मिळेल ही त्यामागची आशा. आणि डोंगर फोडले तर पाणी मुरायचं कुठे, हा विरोधकांचा प्रश्न.

कास तलाव साताऱ्याला उताराने पाणी पाजतो, हे इथे विसरून चालत नाही. डोंगर हे शहराचं नुसतं वॉलपेपर नाही, ती शहराची पाण्याची टाकी आहे. आणि वरच्या डोंगरावरची माती सुटली की ती नदीतून खालीच जाते. म्हणजे सांगलीकडे.

मग माणसं जातात का?

दोन्ही शहरं इतकी भारी, तर पोरं पुण्याला का जातात? कारण सोपं आहे. नोकरी. सांगलीत १९४७ पासून वालचंदसारखं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, पण डिग्री हातात आल्यावर बॅग पुण्याची भरली जाते. साताऱ्यातही तेच. बाहेर जाणं इथे नवं नाही. पाटणकडचा माणूस माथाडी होऊन मुंबईला गेला. खानापूर-आटपाडीचा माणूस सोन्या-चांदीची गलाई करत देशभर पसरला. माण, खटाव, जत, आटपाडीने तर दुष्काळामुळे माणसं बाहेर धाडली. एकाच जिल्ह्यात पश्चिमेला धो धो आणि पूर्वेला कोरडं, हे दोन्हीकडे सारखंच.

त्यामुळे परत यायचा विचार करणाऱ्याने शहर निवडण्याआधी जागा निवडलेली बरी. सांगलीत घर बघताना फरशी आणि पार्किंगच्या आधी एकच प्रश्न विचारायचा. २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं? शेजारचा दुकानदार भिंतीवर हात ठेवून दाखवेल. बिल्डरपेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवायचा. साताऱ्यात डोंगराच्या कडेला प्लॉट बघताना विचारायचं, पावसाळ्यात इथून ओढा कुठून वाहायचा? आणि उन्हाळ्यात नळाला पाणी किती वेळ येतं?

सातारा की सांगली, हा वाद चालूच राहील आणि राहावा. फक्त वाद घालताना एक ध्यानात ठेवायला लागतंय. सातारकराने वर डोंगर राखला तर खाली सांगलीकराची झोप शाबूत राहते. आणि सांगलीकराने नदीची जागा नदीला सोडली, तर कोयनेचे दरवाजे उघडल्याच्या बातमीने त्याच्या पोटात गोळा येत नाही.