सैनिक पणजोबांचा पुरावा पणजीच्या नावात

सातारा, रत्नागिरी आणि पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक लहानशी संगमरवरी फरशी बसवलेली असते. या गावातून इतके लोक पहिल्या महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतके कामी आले, एवढाच मजकूर. नावे नाहीत. इराकमधल्या बसरा स्मारकाचीही तीच गत. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत मेलेल्या आणि ज्यांची कबर ठाऊक नाही अशा ४० हजारांहून अधिक जणांसाठी ते उभारले गेले. पण त्यावर ब्रिटिशांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणवार फक्त आकडा दिला. या भेदभावाची कबुली राष्ट्रकुल युद्ध कबर आयोगाने २०२१ मध्ये दिली. आयोगाच्या यादीत हे शिपाई आता नावानिशी शोधता येतात आणि अनेक नोंदींत बापाचे नाव, गाव, तालुकाही सापडतो. त्यामुळे ‘आमचे पणजोबा बसऱ्याला गेले होते’ हे घरोघरचे वाक्य पहिल्यांदाच तपासून पाहण्याजोगे झाले आहे. ते तपासावेच, आणि ती तपासणी पणजोबांपासून नव्हे तर पणजीपासून सुरू करावी, असे माझे म्हणणे आहे.

कारण यादीत नाव सापडले म्हणजे माणूस सापडला असे होत नाही. गणपत, रामा, तुकाराम ही नावे आणि कदम, मोरे, जाधव, शिंदे ही आडनावे एकत्र केली की एका तालुक्यात एकाच वेळी चार-चार शिपाई निघू शकतात. कारकुनाने ती इंग्रजीत कानाला आली तशी लिहिली. जिल्हेही बदलले: कुलाब्याचा रायगड झाला, रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा निघाला, तेव्हा आजच्या जिल्ह्याचे नाव घालून शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. युद्धात मिळालेल्या पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. तो पुरावा भक्कम खरा, पण एका माणसाने एका पलटणीत नोकरी केली एवढेच तो सांगतो. तो माणूस आपलाच, हे त्या चांदीवरून कळत नाही. पलटणींचे क्रमांकही १९२२ मध्ये बदलले. ११० वी मराठा पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण झाली. हे ठाऊक नसले की एकाच माणसाच्या नोकरीचे कागद दोन माणसांचे वाटतात.

मृत्यूच्या नोंदीने तरी हा प्रश्न सुटावा, पण तिथेही अडचण आहे. इंग्रज कुटुंबातला माणूस पुण्यात मेला तर चर्चच्या वहीत दफनाची नोंद होई, तिची प्रत लंडनला जाई आणि आज ती ब्रिटिश लायब्ररीत पाहता येते, लग्नाचेही तसेच. मराठी शिपायाला अशी वही नव्हती. हिंदू सैनिकाचे दहन होई, त्यामुळे बहुतेकांची कबरच नाही. इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळ ५३ हिंदू व शीख सैनिकांच्या दहनाच्या जागी १९२१ मध्ये छत्री उभी राहिली, पण त्यांची नावे तिथे कोरली गेली २०१० मध्ये. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले नाईक यशवंत घाडगे १९४४ मध्ये इटलीत पडले. त्यांचेही नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे, कबर नाही. गावच्या कोतवालाच्या बुकात परमुलखातला मृत्यू सहसा मिळत नाही. म्हणजे नोकरीचा कागद परक्या दप्तरात, मृत्यूचा कागद बहुधा नाहीच, आणि दोन्हींना आपल्या घराशी जोडणारा दुवा एकच उरतो: लग्न.

तोच दुवा सर्वांत कच्चा आहे. त्या काळी लग्नाची सरकारी नोंद होत नसे. सासरी आल्यावर मुलीचे पाळण्यातले नावही बदले, माहेर तर कागदावर येतच नसे. नवरा मेल्यावर पाट लागला तर घर आणि आडनाव पुन्हा बदले. तरीही शिपायाची विधवा कागदावर येते, ती पेन्शनच्या दप्तरात, जमिनीच्या फेरफारात, वारसनोंदीत ‘अमक्याची बायको’ म्हणून. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत मुलगा श्राद्धाला गेल्यावर गाव आणि पिढ्या लिहून घेतल्या जातात. मुलांचे जन्म गाव नमुना १४ मध्ये बापाच्या नावावर असतात, आणि तारखा फार बोलक्या असतात. मेसोपोटेमियातल्या कूतचा वेढा डिसेंबर १९१५ मध्ये पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार सैनिक तुर्कांच्या कैदेत गेले. त्यांत मराठा पलटणीही होत्या. घरच्या कथेत पणजोबा युद्ध संपेपर्यंत कूतचे कैदी असतील आणि आजोबांचा जन्म गावात १९१८ चा निघाला, तर दुसऱ्याच कुणाची नोंद आपल्या घराला चिकटली आहे का, हे आधी पाहायला हवे.

पुरावा मागणे म्हणजे पूर्वजांवर अविश्वास, असे काहींना वाटते. मला उलट वाटते. चुकीच्या गणपतला आपला म्हटले की आपला गणपत कायमचा हरवतो आणि दुसऱ्या घराचाही पळवला जातो. साम्राज्यासाठी लढलेल्यांचे कौतुक कशाला, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. पण शोध घेणे म्हणजे कौतुक नव्हे. कोरडवाहू तुकड्यावर पोट भरेना म्हणून पलटणीत गेलेला माणूस कुठे मेला, हे जाणण्याचा हक्क त्याच्या वंशजांना साम्राज्याची बाजू न घेताही आहे. तिसरा आक्षेप असा की जुनी दप्तरे खुली केली की खोटे वारस उभे राहतील. त्याची भीती अनाठायी नाही. म्हणूनच एका कागदावर विसंबू नये, तीन स्वतंत्र ठिकाणच्या नोंदी जुळल्याशिवाय नाते मानू नये. बंद दप्तर खोट्या वारसाला अडवत नाही, खऱ्याला मात्र अडवते.

महाराष्ट्राला हे अशक्य नाही. कुणबी नोंदींसाठी २०२३ पासून कोतवाल बुके आणि नमुना १४ गावोगाव उघडली गेली, मोडी वाचणारे शोधून आणले गेले. त्याच पानांवर शिपायांची मुलेबाळेही आहेत. लाहोर संग्रहालयातल्या पंजाबच्या सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या नोंदी २०२१ पासून संगणकावर येऊ लागल्या. त्या वह्या गाववार होत्या, म्हणून वंशजांना आपले गाव काढून वाचता येते. आपल्याकडेही उघडलेली ती पाने पुन्हा बासनात बांधण्याआधी सरकारने गाववार छापून खुली करावीत, आणि जिल्हा सैनिक कार्यालयांत विधवांच्या पेन्शनचे जे जुने कागद असतील ते त्यांच्याशी जोडावेत. ज्यांच्या घरी पेटीत पदक आहे त्यांनी ते सोनाराकडे नेण्याआधी त्याची कडा भिंगातून वाचावी. आणि घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला तिच्या आजेसासूचे माहेर कोणते, माहेरचे नाव काय, हे विचारून या आठवड्यातच लिहून ठेवावे.