कटाची आमटी

यंदाच्या होळीस महिना उरला असतां आमची सौ. न्हाणीघरांत घसरून पडली व तिचा उजवा हात मनगटाशीं मोडून सहा आठवड्यांकरितां प्लॅस्टरांत अडकला. सूनबाई पुण्याहून येऊन पंधरा दिवस राहिली आणि परत गेली. पुढें पोळीभाजीची सोय शेजारच्या मावशींनीं पत्करिली. सणाच्या पुरणपोळ्याहि त्या लाटून देणार होत्या. “आमटीचें मात्र तुमचें तुम्ही बघा,” असें त्यांनीं बजाविलें. कारण कटाची आमटी प्रत्येक घरची निराळी, आणि आमच्या घरीं कोणती चालते हें एकट्या सौ.लाच ठाऊक. कागदावर ती कधीं उतरलेली नव्हती.

आम्हीं पस्तीस वर्षें मुलांकडून पच् धातूचीं रूपें घोकून घेतलीं. पच् म्हणजे शिजविणें हा अर्थहि फळ्यावर लिहून दिला. प्रत्यक्ष शेगडीशीं आमचा संबंध चहापुरता. तरी धीर करून उभे राहिलों. सौ. स्वयंपाकघराच्या दारांत खुर्चीवर बसली.

दोन वाट्या चण्याची डाळ सात-आठ वाट्या पाण्यांत, कुकरांत न घालतां उघड्या पातेल्यांत शिजविली. कुकरांत डाळीचा अगदीं गरगट होतो आणि कट नीट सुटत नाहीं. डाळ बोटानें चेपली जाऊं लागतांच आम्हीं चाळणी मोरींत ठेविली व पातेलें तिच्यावर उपडें केलें. डाळ चाळणींत राहिली. कट मोरींतून वाहून गेला. उत्तरपत्रिका केराच्या टोपलींत टाकाव्या आणि प्रश्नपत्रिका तपासावयास घ्यावी, तसा हा प्रकार. सौ. क्षणभर बोलली नाहीं. मग “अहो, आमटी गेली कीं ती!” म्हणाली आणि हंसूं लागली. हात मोडल्यापासून ती हंसली नव्हती; “आतां माझा काय उपयोग,” हें मात्र दिवसांतून दहा वेळां ऐकूं येई. आम्हीं निमूटपणें आणखी एक वाटी डाळ शिजत घातली.

ती शिजेपर्यंत मसाल्याची तयारी चालली. अर्धी वाटी सुकें खोबरें, चमचाभर जिरें, सहा मिरे, दालचिनीचा तुकडा आणि चार लवंगा. लवंग हातांत घेतली आणि आमची आम्हांसच लाज वाटली. रघुवंशाच्या सहाव्या सर्गांत, इंदुमतीच्या स्वयंवरांत, कलिंगाच्या राजाचें वर्णन करतांना कालिदास द्वीपांतराहून वाऱ्यानें आणिलेल्या लवंगपुष्पांचा उल्लेख करतो. तो श्लोक आम्हीं किती वेळां शिकविला! “द्वीपांतर म्हणजे दुसरें बेट,” एवढें सांगून पुढें जात असूं. लवंगेचें मूळ घर म्हणजे आजच्या इंडोनेशियांतील मलुकू बेटें, तेर्नाते आणि तिदोरे हीं त्यांतलीं. लवंग ही न उमललेली, वाळविलेली कळी. पुरणांतलें जायफळहि तिकडचेंच, बांदा बेटांवरचें. एवंच होळीच्या नैवेद्याच्या पानांत दोन जिन्नस मूळचे त्याच समुद्रांतले. तिखट मिरची मात्र कालिदासास ठाऊक नव्हती. ती सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेकडून आली.

त्या देशांतील लोक सोतो नांवाचें मसालेदार सार करतात. हळद, आलें, लसूण, धने यांचें वाटण तेलांत परतून तें शिजलेल्या मांसाच्या पाण्यांत घालावयाचें, वर गवती चहाच्या काड्या टाकावयाच्या, आणि लिंबू पिळून भाताबरोबर खावयाचें. मांस आमच्या घरास वर्ज्य. परंतु शिजलेल्या पदार्थाचें पाणी टाकून न देतां त्यासच मसाल्यानें रूप द्यावें, ही युक्ति तीच. जकार्त्याच्या सोतो बेतावींत तर नारळाचें दूध असतें. आमच्या गांवचा पांढरा रस्सा खाणारांस तो परका वाटूं नये. (पांढऱ्या रश्श्याविषयींचें आमचें ज्ञान केवळ ऐकीव आहे.)

या वेळीं चाळणीखालीं पातेलें होतें. कट तीन वाट्या निघाला; त्यांत मूठभर शिजलेली डाळ घोटून घातली. तेलांत मोहरी, हिंग, हळद, कढीलिंब व तिखट यांची फोडणी करून तीवर भाजून वाटलेला मसाला परतला आणि कट ओतला. कोल्हापुरांत कांदालसणाच्या चटणीवांचून पान हलत नाहीं, पण नैवेद्य म्हटला कीं ती डबींतच राहते. तेथें गोडा मसाला. मग चिंचेचा कोळ, मीठ आणि गूळ. गूळ किती, असें विचारतां सौ. म्हणाली, “चिंचेला राग येणार नाहीं इतका.” ज्या गांवांत शाहू महाराजांनीं 1895 सालीं गुळाच्या व्यापारासाठीं शाहूपुरी वसविली, त्या गांवांत गुळाचें माप असें सांगतात! आम्हीं सुपारीएवढा खडा घातला. तिनें मानेनें खुणावलें, आणखी तितकाच घातला. उकळी फुटल्यावर आंच मंद करून दहा मिनिटें ठेविली. आमटी पातळच हवी. ताटांत घातली कीं वाहिली पाहिजे.

नैवेद्य झाल्यावर सौ.नें डाव्या हातानें वाटी तोंडास लाविली. “मीठ कमी आहे,” ती म्हणाली. थोड्या वेळानें, “लवंग बरोबर लागलीय.” त्या रात्रीं आम्हीं सर्व कृति तिच्या तोंडून वहींत उतरून घेतली. “अंदाजानें” हा शब्द अकरा वेळां आला. चिंचेच्या रागाचें वाक्य जसेंच्या तसें ठेविलें आहे.

दुसऱ्या दिवशीं उरलेली आमटी भाताबरोबर खाल्ली. शिळी झाल्यावर ती अधिक मुरली होती, आणि मिठाची चूक आतां जाणवतहि नव्हती. प्लॅस्टर पाडव्याच्या आधीं निघालें. पाडव्याचें पुरण सौ.नेंच घाटलें. मनगटांत अजून जोर नाहीं, म्हणून डाळीचें पातेलें आम्हीं उचललें. तिनें आधीं चाळणीखालीं वांकून पाहिलें.