पहिला आणि उत्तम

आमचे हरसूल ज्या तालुक्यात मोडते, त्याच त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके जन्मले. साहजिकच दादासाहेबांविषयी आम्हांस विशेष आपलेपणा वाटतो. त्यांच्या चित्रपटांचा गुणानुक्रम लावा म्हटले, की सुशिक्षित घरांतूनही ‘राजा हरिश्चंद्र’ डोळे मिटून अग्रस्थानी बसविला जातो. आमचे मत याहून निराळे आहे.

न्यायशास्त्राने प्रत्यक्षास प्रमाणांत पहिले स्थान दिले आहे. त्या काळच्या फिती चटकन पेट घेणाऱ्या. दादासाहेबांचे बहुतेक मूकपट नष्ट झाले. जे अवशेष उरले, ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपले. तेव्हा जे पाहता येते, त्याचाच क्रम लावणे न्याय्य होय. ‘मोहिनी भस्मासुर’ (१९१३) या चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका केल्या, हे त्या काळी केवढे धैर्य! परंतु तो पट आज उपलब्ध नाही. त्यास मान द्यावा, क्रमांक देऊ नये.

आमच्या मते पहिला ‘कालियामर्दन’ (१९१९). यात दादासाहेबांची लहानगी कन्या मंदाकिनी कृष्ण झाली आहे. कथेपूर्वीच तिच्या चेहऱ्यावर एकामागून एक भाव उमटताना दाखविले आहेत. भरतमुनींनी ज्यास मुखज अभिनय म्हटले, तो हाच. आधी मूल दाखवून मग त्याच मुलात देव दाखविण्याचे हे धाडस, आणि पुढे पाण्याखाली कालियाशी झुंज! येथे कथा, यंत्र आणि नट यांचा मेळ बसला आहे.

दुसरा ‘लंकादहन’ (१९१७). यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाच्या आहेत. तिसरा ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८). त्यात छायालेखनाच्या युक्त्यांचे कौतुक वाटते, परंतु भावापेक्षा चमत्काराकडेच लक्ष अधिक जाते.

चौथा ‘राजा हरिश्चंद्र’. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात तो लोकांपुढे आला. त्यातील प्रवेश नाटकासारखे समोरून, एका जागेवरून पाहिलेले. तारामतीचे काम करावयास स्त्री मिळेना, म्हणून तेही साळुंक्यांनीच केले. विम्याची पॉलिसी गहाण पडली. सरस्वतीबाईंनी संसार सांभाळून फितीस छिद्रे पाडण्यापासून मंडळींच्या जेवणापर्यंत सारे केले. या त्यागापुढे आम्ही नतमस्तक आहोत. तथापि त्यागाचे मोल वेगळे आणि कलेचे वेगळे. मुलांस हा भेद शिकविला नाही, तर आरंभ केला म्हणजेच सिद्धी झाली, असे ती समजतील. स्वतः दादासाहेबांनी असे मानले असते, तर सहा वर्षांनी ‘कालियामर्दन’ निर्माण झालाच नसता.

एक शल्य मात्र उरते. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकात देह ठेवणाऱ्या या पुरुषाची सर्वश्रेष्ठ कृती जळून गेलेल्यांतही असू शकेल. आमचा क्रम हा उरलेल्यांचा क्रम आहे. म्हणून वाचकांस विनंती, की माळ्यावरील जुनी फीत, जुने छायाचित्र वा जुनी जाहिरात रद्दीत घालण्यापूर्वी जाणत्यास एकवार अवश्य दाखवावी.