नायगावची घरं कुठल्या रंगात?

मंडळी, गेल्या आठवड्यापासून आपल्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. बऱ्याच जणांनी पाहिला असेल, आणि बऱ्याच जणांनी न पाहताच मत दिलंय. आपल्या नायगावातल्या एका कॉलेजच्या पोरानं 'एज ऑफ एम्पायर्स २' या गेममध्ये १७३९ चा वसईचा वेढा उभा केला. खाडी, किल्ला, आजूबाजूची गावं, सगळं. खेळताना रेकॉर्ड केलं आणि मित्रांना पाठवलं. त्या व्हिडिओत शेवटी चिमाजी आप्पांचं भगवं सैन्य किल्ल्याबाहेरची गावं जाळत जातं. घरं, शेतं, चर्च, सगळं. आणि त्या गावांवर नावं कुठली? पापडी, सांडोर, उमेळे, नायगाव.

झालं. एका ग्रुपवर जयजयकार, दुसऱ्या ग्रुपवर "आमच्या देवळांना आग लावणारा गेम", तिसऱ्यावर "पोलिसात द्या". (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आपल्याकडचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात.) मला दोन्ही बाजूंनी फोन आले. एकानं सांगितलं, बातमी लावा. दुसऱ्यानं सांगितलं, बातमी लावू नका. मी तिसरंच केलं, पोराच्या घरी जाऊन तो गेम खेळून पाहिला. माझ्या वयाला शोभलं नाही, पण दोन तास गेले आणि चिमाजी आप्पांच्या बाजूनं खेळूनही मी हरलो.

तर माझं मत आधीच सांगतो. व्हिडिओ काढून टाका म्हणणारे चुकतायत. आणि 'आहे तस्सा शाळाशाळांत दाखवा' म्हणणारे त्याहून जास्त चुकतायत.

पोरानं केलेलं काम आधी बघा. या गेममध्ये एक एडिटर असतो. रिकामा नकाशा मिळतो. त्यावर माती, पाणी, झाडं, भिंती, माणसं आपण ठेवायची. मग ट्रिगर लावायचे, म्हणजे अमुक झालं की तमुक होईल. मूळ गेम १९९९ चा आहे, नवी आवृत्ती २०१९ ला आली, आणि जगभरातली पोरं त्यात आपापल्या गावच्या लढाया मांडत बसतात. आपल्या पोरानं उपग्रहाच्या नकाशावरून किल्ल्याचा आकार काढला, एकेक बुरूज जागेवर ठेवला. जमिनीकडचा दरवाजा उत्तरेला, दर्या दरवाजा पाण्याकडे. मध्ये वसईची खाडी, त्यात पाणजू बेट, पलीकडे धारावी, म्हणजे भाईंदर-उत्तनचा पट्टा, मुंबईतली धारावी नव्हे.

आता खरं सांगा, आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होतं की वसईचा किल्ला घ्यायचा तर आधी धारावी घ्यावी लागते? रोज लोकलनं खाडीचा पूल ओलांडतो आपण. भाईंदर सुटलं की डावीकडे पाणजू दिसतं, आपण मोबाईलमध्ये. किल्ल्याच्या तीन बाजूंना पाणी आणि दलदल. जमिनीवरून हल्ला करायचा तर फक्त उत्तरेकडून, आणि नेमक्या तिथेच भिंत आणि बुरूज सगळ्यात बळकट. पाण्याचा रस्ता उघडा राहिला तर आत रसद येतच राहणार. म्हणून मराठ्यांनी मार्च १७३९ मध्ये धारावी घेतली आणि खाडीचं तोंड आवळलं. समुद्रात मानाजी आंग्र्यांची गलबतं. हे मी शाळेत वाचलं असेन, पण कळलं त्या दिवशी, गेममध्ये माझं सैन्य उत्तरेच्या तटाखाली तिसऱ्यांदा कापलं गेलं तेव्हा. पोरगं शांतपणे म्हणालं, "काका, तुम्ही धारावी घेतलीच नाही."

वेळेचं गणितही त्यानं बरोबर पकडलंय. गेममध्ये वरती घड्याळ चालू असतं. वेढा फेब्रुवारीत पडला आणि मे निम्मा झाला तरी किल्ला उभाच. पाऊस सुरू झाला की या चिखलात वेढा टिकत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. त्यात तिकडे दिल्लीत नादिरशहानं मार्चमध्ये कत्तल आणि लूट केलेली, बाजीरावांना उत्तरेकडे बघायला फौज मोकळी हवी. म्हणजे चिमाजी आप्पांच्या डोक्यावर दोन घड्याळं होती. आणि सुरुंग. तटाखाली खणून दारू भरायची. काही सुरुंग वेळेवर उडाले नाहीत, उशिरा उडाले, आणि खिंडार पडलं म्हणून धावलेली आपलीच माणसं त्यात गेली. पोरानं यासाठी असा ट्रिगर लावलाय की सुरुंग कधी उडेल याचा भरवसा नाही. मी दोनदा माझेच शेपन्नास सैनिक उडवले. भाषणांत हा भाग कधी येत नाही. भाषणात सुरुंग नेहमी वेळेवरच उडतो.

काही ठिकाणी गेमच आडवा येतो. त्यात पोर्तुगीज आहेत, २०१५ पासून. त्यांच्या वखारीलाही नाव आहे, फेतोरिया. मराठे मात्र नाहीत. २०२२ मध्ये भारतातल्या राजवटी वाढवल्या, त्यात बंगाली आले, द्रविड आले, गुर्जर आले, मराठे नाहीच. मग पोरानं मराठ्यांसाठी 'हिंदुस्तानी' घेतले, जे मुळात दिल्लीच्या सुलतानी धाटणीवर बेतलेत. म्हणजे मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे यांच्या हाताखाली सुलतानाचे गुलाम लढतायत. यावर कुणाचीच भावना दुखावली नाही, याचं मला जरा नवल वाटलं. 'एम्पायर: टोटल वॉर' नावाच्या २००९ च्या गेममध्ये मराठे आहेत, पण तो गेम जुन्या कॉम्प्युटरवर चालत नाही, असं पोराचं म्हणणं. आणि हो, १७३९ हे मध्ययुग आहे का, असा एका सरांनी ग्रुपवर प्रश्न टाकलाय. सर, सातवीच्या 'मध्ययुगीन भारता'च्या पुस्तकात मराठे आहेत, तेवढ्यावर भागवू या.

आता मूळ दुखणं.

पोरानं खेळाडू ठेवले दोनच. भगवे मराठे आणि लाल पोर्तुगीज. मग गावं कुणाला द्यायची? पोर्तुगीजांच्या मुलखातली म्हणून लाल. आणि जिंकायची अट ठेवली गेमची नेहमीचीच, लाल रंगाचं सगळं संपवा. शिपाई, तोफा, शेतकरी, कोळ्याची होडी, गावाची विहीर, सगळं. एकही लाल घर शिल्लक असेल तर विजय मिळत नाही. म्हणून व्हिडिओत शेवटची दहा मिनिटं किल्ला पडल्यानंतर गावं जाळण्यात गेली. पोराला कुणाचा राग नव्हता. त्याला फक्त गेम संपवायचा होता. त्याचा वर्गातला जवळचा मित्रही पापडीचा ख्रिस्ती, आणि चर्चचं चित्र नकाशावर नीट बसवायला त्यानंच मदत केलेली.

पण इतिहासात वसई अशी संपली नाही, आणि मला एवढंच सांगायचंय. १६ मे १७३९ ला तह झाला. पोर्तुगीजांकडून कायतान द सूझा परेरानं सही केली. आठवड्याभराची मुदत दिली, सैन्याला हत्यारांसह, निशाण फडकवत, मानानं बाहेर पडू दिलं. बायकामुलं आणि नेता येईल ते सामान बरोबर. जे मागे राहतील त्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळता येईल, हेही ठरलं. २३ मेला किल्ला मराठ्यांच्या ताब्यात आला. तीन महिन्यांत हजारो माणसं गेलेली, सैन्य चिडलेलं, तरीही सेनापतीनं हे कलम मान्य केलं आणि पाळलं. चिमाजी आप्पांचं मोठेपण मला तटावर चढण्यापेक्षा इथे जास्त दिसतं. आणि नेमकं हेच त्या व्हिडिओत नाही, आणि जयजयकार करणाऱ्यांच्या मेसेजमध्येही नाही. आप्पांचं नाव घेऊन आप्पांनी जे केलं नाही त्याला टाळ्या वाजवताय तुम्ही.

दुसऱ्या बाजूलाही ऐकवतो, कारण फोन दोन्हीकडून आले होते. 'मराठे आले आणि आमचं चांगलं चाललेलं मोडलं' हेही खरं नाही. १५३४ ला गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली, तिथपासून दोनशे पाच वर्षांत इथल्या रयतेवर काय काय लादलं गेलं याची कागदपत्रं आहेत. धर्माच्या बाबतीत गोव्याच्या इन्क्विझिशनचा हात इथपर्यंत पोहोचत होता. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारखी इथली माणसं पेशव्यांकडे उगाच खेटे घालत नव्हती. विजयानंतर चर्चच्या घंटा नेल्या, हेही खरं. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा जाऊन बघा. ती १७२१ ची आहे आणि लोक हौसेनं फोटो काढतात. गेममध्ये घंटा दाखवल्या तर मला चालेल. दाखवाव्यातच.

पण इथली ख्रिस्ती माणसं म्हणजे पोर्तुगीज नव्हेत, एवढं तरी आता, २०० वर्षांनंतर नव्हे, जवळजवळ ३०० वर्षांनंतर, वेगळं करता यायला हवं. पोर्तुगीज जहाजात बसून गेले. कुपारी, वाडवळ, कोळी, आगरी इथेच राहिले, केळी आणि फुलं पिकवत, मीठ काढत, मासे पकडत. पुढे मराठ्यांना सारा भरला, मग इंग्रजांना भरला. आपल्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मराठीचा मान ज्यांनी वाढवला त्यांच्या आजोबा-पणजोबांची घरं गेममध्ये 'शत्रू' म्हणून लाल रंगात, हे ज्याला खटकत नाही त्याच्याशी मला वाद घालायचा नाही.

गंमत म्हणजे गेममध्ये याची सोय आहे. खेळाडू आठ ठेवता येतात. प्रत्येकाचं प्रत्येकाशी नातं वेगळं लावता येतं, मित्र, तटस्थ किंवा शत्रू. आणि नवव्या जागी 'गाया' नावाचा कुणाचाच नसलेला खेळाडू असतो. जंगल, लांडगे, मेंढरं त्याची. मेंढरांचा नियम असा की ज्याचा माणूस आधी जवळ पोहोचेल त्याची ती होतात. पोरगं म्हणालं, "गावं गायाला देऊन टाकतो, वाद मिटला." मी म्हटलं, थांब जरा. रयत मेंढरासारखी वागवली गेली हे खरंच आहे, पण आपण तरी तिला मेंढरं करू नये. गावांना स्वतःचा खेळाडू दे, स्वतःचा रंग दे. कुणी मराठ्यांना धान्य पुरवेल, कुणी वाट दाखवेल, कुणी किल्ल्यात पळेल, कुणी होडी घेऊन खाडीत लपून बसेल. त्यातली अर्धी ट्रिगरनं होतात म्हणे.

आपल्याकडे दिवाळीत किल्ले करतात. चिखल, विटा, गोणपाट, वर आळीव पेरायचा, शिखरावर महाराज सिंहासनावर. वसईत राहून पोरं रायगड, प्रतापगड करतात. वसईचा किल्ला कुणी करत नाही, कारण तो भुईकोट, सपाट, मावळे उभे करायला डोंगरच नाही. पण त्या मातीच्या किल्ल्यात एक गोष्ट मला नेहमी आवडते. तिथे शत्रू नसतो. मावळे असतात, तोफा असतात, पण खाली विहीर, बाजार, बैलगाडी, पाणी भरणाऱ्या बाया. पोरं पैसे साठवून बाजारातून गवळण विकत आणतात, शत्रू कुणी आणत नाही. कॉम्प्युटरवर मात्र शत्रूशिवाय खेळ सुरूच होत नाही, त्यामुळे तो कोण हे ठरवण्याची जबाबदारी येते. कॉलेजच्या पोरावर ती एकट्यानं टाकून आपण मोठी माणसं पोलिसांचा नंबर शोधतोय.

माझी मागणी साधी आहे. दिवाळीच्या किल्ले स्पर्धा भरवणारी मंडळं, नगरसेवक, इच्छुक नगरसेवक (तुमची संख्या मोठी आहे), एक वर्ष मातीच्या किल्ल्यासोबत कॉम्प्युटरवरच्या किल्ल्याचाही गट ठेवा. परीक्षक म्हणून इतिहासाचे एक शिक्षक, खाडी ओळखणारा एक कोळी आणि गावचा एक जाणता माणूस बसवा. बक्षिसाचे पैसे कमी पडले तर बॅनर एक कमी लावा. आणि स्पर्धेचा विषय वसईचाच ठेवा, रायगड मुळीच नको.

पोरगं घाबरलंय, हे सांगायला हवं. आई म्हणते, कॉम्प्युटर विकून टाक. मी आईशी बोललोय. ज्यांनी त्याचा फोटो आणि इमारतीचं नाव ग्रुपवर टाकलंय त्यांनी ते आजच्या आज काढा. तो सिनारिओ बदलतोय. गावांना पिवळा रंग आलाय, आणि जिंकायची अट आता अशी की तट फुटल्यावर हल्ला थांबवायचा आणि सगळे लाल शिपाई जिवंत दर्या दरवाजातून जहाजांपर्यंत पोहोचू द्यायचे. वाटेत तुमच्या सैनिकानं एकाला जरी मारलं तरी हरलात. हे जमवताना तो रडकुंडीला आलाय, कारण गेममधले सैनिक समोर लाल दिसला की हुकूम नसताना वार करतात.

तूर्त त्याला एकाच गोष्टीत मदत हवीय. पाणजूकडे भरती-ओहोटीला होडी कुठून निघायची, आणि कुठल्या वेळेला गाळातून चालत जाता यायचं, हे त्याला नकाशात बसवायचंय. नायगाव कोळीवाड्यातल्या आणि पाणजूच्या जाणत्या मंडळींनी आपल्या आजोबांकडून ऐकलं असेल ते खाली कमेंटमध्ये लिहा, किंवा मला फोन करा. मी त्याला नेऊन पोचवतो. शिव्या द्यायच्या असतील तर त्याही मलाच द्या.