धावणाऱ्यांना मैदान द्या

१९ जानेवारी २०२५ च्या रविवारी मुंबईत मॅरेथॉन होती. शर्यतीच्या मार्गावर वाहनांना बंदी होती. जागोजागी पाणी, डॉक्टर, रुग्णवाहिका आणि पोलीस तैनात होते. लहानमोठ्या अंतरांच्या शर्यती मिळून सुमारे साठ हजार माणसे त्या दिवशी निर्धास्तपणे धावली. त्याच सकाळी बीड-परभणी महामार्गावर, घोडका राजुरी फाट्याजवळ, पोलीस भरतीच्या तयारीसाठी धावणाऱ्या तरुणांना एसटी बसने धडक दिली. त्यात तिघांचा जीव गेला.

ही बातमी बीडची असली तरी आपल्या आटपाडी तालुक्याने ती आपली समजून वाचायला हवी. पहाटे पाचला दिघंचीच्या किंवा भिवघाटाच्या रस्त्यावर आलात, की अंधारात पावलांचे आवाज ऐकू येतात. ही भरतीची पोरे. कुणी पोलिसात जायचे म्हणून धावतो, कुणी अग्निवीर व्हायचे म्हणून. या तालुक्यात दुष्काळाने पिढ्यान् पिढ्या माणसे गाव सोडून पोटापाठी गेली. त्यांतली कित्येक गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, भट्टीपाशी देशभर पांगली. अशा घरातल्या मुलाला वर्दीची नोकरी म्हणजे गावाशी नाते राखून ताठ मानेने जगण्याची वाट वाटते. पोलीस भरतीत मैदानी चाचणीला पन्नास गुण असतात. त्यांतले वीस एकट्या धावण्याचे, मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर. पुरे वीस गुण हवे असतील तर मुलाने ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत आणि मुलीने २ मिनिटे ५० सेकंदांच्या आत यावे लागते. एकेका सेकंदासाठी महिनोन्महिने घाम गाळावा लागतो, आणि त्यातला पुष्कळसा घाम डांबरी रस्त्यावर गळतो.

रस्त्यावर का पळता, असे या मुलांना दरडावणे सोपे आहे. त्यांची कारणे मात्र खरी आहेत. रस्ता सपाट असतो, किलोमीटरच्या दगडांवर अंतर मोजता येते, शिवाय त्याला फाटक नाही आणि कुलूपही नाही. शाळेच्या मैदानाला दोन्ही असतात. कुठे मैदानात गोटे आणि काटे असतात, तर कुठे दिवाच नसतो. त्यात आता रस्ते रुंद आणि गुळगुळीत झाल्याने वाहनांचा वेग वाढला आहे. टेंभू योजनेचे पाणी आले, शिवारात ऊस उभा राहिला, ही या तालुक्याने किती वर्षे वाट पाहून मिळवलेली गोष्ट. हंगामात त्या उसाच्या ट्रॉल्याही याच रस्त्याने जातात, कित्येकदा मागे लाल दिवा नसताना. त्यांना ओलांडायला वाहन बाजूला निघते आणि नेमके तिथेच साईडपट्टीच्या कडेने एखादा मुलगा धावत असतो.

इथे हिशेब समजून घ्यायला हवा. ताशी साठ किलोमीटरने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे सतरा मीटर पुढे सरकते. चालकाला धोका दिसणे, पाय ब्रेकवर जाणे आणि गाडी थांबणे, यात कोरड्या रस्त्यावरही चाळीस मीटरच्या आसपास अंतर जाते. खाली वळवलेल्या हेडलाइटमध्ये गडद कपड्यांतला माणूस दिसतो तो साधारण वीस-तीस मीटरवर आल्यावर. म्हणजे चालक शुद्धीत असला, दक्ष असला आणि त्याने जिवाच्या आकांताने ब्रेक दाबला, तरी काळा टी-शर्ट घातलेला मुलगा वाचेलच असे नाही. प्रकाश परतवणारी पट्टी अंगावर असली तर तोच मुलगा शंभर मीटरहून अधिक अंतरावरून दिसू शकतो.

म्हणून भरतीची तयारी करून घेणाऱ्या प्रत्येक अकॅडमीने आणि प्रत्येक घराने काही गोष्टी आजपासून पाळाव्यात. अंगावर चमकणारी पट्टी किंवा जॅकेट हवेच. समोरून येणारे वाहन दिसेल अशा बाजूने, म्हणजे रस्त्याच्या उजव्या कडेने, एकामागे एक धावावे. शेजारी-शेजारी, गप्पा मारत धावू नये. कानात इअरफोन नको, कारण अंधारात डोळ्यांइतकाच कानांचा आधार असतो. धुके असेल त्या दिवशी रस्ता टाळावा. एकट्याने जाऊ नये, निघताना घरी वाट आणि वेळ सांगून जावे. वेळ लावून जोरात पळायचा सराव तर डांबरी रस्त्यावर करूच नये, कारण त्या क्षणी सगळे ध्यान घड्याळात आणि श्वासात असते, येणाऱ्या गाडीकडे नसते.

मात्र या पट्ट्यांवर आणि सूचनांवर भागवून आपण मोकळे होऊ शकत नाही. मुंबईसारख्या शहरात पदपथ आहेत, दिवे आहेत, समुद्रकाठचा रुंद रस्ता आहे. तरीही मार्च २०२३ मध्ये वरळी सी फेसला सकाळी धावायला आलेल्या एका महिलेला भरधाव मोटारीने उडवले आणि तिचा जीव गेला. शर्यतीच्या दिवशी रस्ता धावणाऱ्यांचा असतो, सरावाच्या शेकडो दिवशी तो वाहनांचाच राहतो. धोका आहे तो या सरावाच्या दिवसांत, आणि धावणारा कितीही सावध असला तरी समोरच्याच्या बेफिकिरीवर त्याच्याकडे इलाज नाही.

व्यवस्थेने मनावर घेतले तर काय होते हे आपण पाहिले आहे. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर धावण्यात काही उमेदवारांचा मृत्यू झाला. तेव्हा राज्याचे गृहमंत्री आपल्याच सांगली जिल्ह्यातले, अंजनीचे आर. आर. पाटील होते. राज्यभर हळहळ व्यक्त झाली, टीका झाली. पुढे धावण्याचे अंतर कमी करण्यात आले आणि आज ते सोळाशे मीटर आहे. उमेदवारांनी अधिक काळजी घ्यावी, एवढे म्हणून सरकार थांबले नाही, नियमच बदलला. चाचणीबाबत जी जबाबदारी मानली गेली ती सरावाबाबत का मानू नये? चाचणीचा दिवस एक असतो, सरावाचे दिवस शेकड्यांनी असतात.

मुलींचा विचार केला तर हा प्रश्न आणखी टोकदार होतो. सुरक्षित जागा नसेल तर मुलगा कसाही रस्त्यावर जातो, मुलीचा सराव मात्र घरातूनच बंद होतो. वाहनाची भीती, भटक्या कुत्र्यांची भीती, छेडछाडीची भीती, आणि आईबापाची ही भीती खोटी नसते. आटपाडीला लागूनच असलेल्या माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर यांनी २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक पटकावला. पुढे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत त्या दहाव्या आल्या. ज्या माणदेशाच्या मातीतून हे पाय घडले, तिथल्या दुसऱ्या मुलीचे धावणे केवळ पहाटेच्या अंधारामुळे थांबत असेल, तर तो आपल्या सगळ्यांचा दोष आहे.

लागणार आहे ते फार नाही. चारशे मीटरची, गोटे वेचून रोलर फिरवलेली, फक्की मारून आखलेली मातीची धावपट्टी आणि तिच्यावर चार दिवे. चार फेऱ्यांत सोळाशे पुरे होतात. चाचणीही मैदानावरच होते, त्यामुळे वळणावर वेग कसा राखायचा हे मुलांना इथेच कळेल आणि रोज डांबरावर आपटून दुखणाऱ्या नडग्यांनाही आराम मिळेल. तालुका क्रीडा संकुलासाठीची अनुदानाची मर्यादा राज्य सरकारने एक कोटीवरून पाच कोटींवर नेली आहे. त्या पैशातून आधी भव्य प्रवेशद्वार आणि कोनशिला उभारण्याऐवजी आधी धावपट्टी आणि उजेड करावा. ते होईपर्यंत शाळा-महाविद्यालयांनी आपली मैदाने पहाटे पाच ते सात उघडी ठेवावीत. नगरपंचायतीने आणि मोठ्या ग्रामपंचायतींनी तिथल्या दिव्यांचे बिल भरावे. ज्यांना लांब पल्ल्याचे धावणे करायचे आहे त्यांच्यासाठी तहसीलदार आणि पोलिसांनी गावाबाहेरचा एखादा कमी वर्दळीचा रस्ता ठरवून त्या दोन तासांपुरता जड वाहनांना बंद करावा. हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर लागला आहे की नाही, हे कारखान्यांनी आणि परिवहन विभागाने तपासावे.

उद्या हीच मुले वर्दी घालून आपल्या रस्त्यांवर आणि सीमेवर उभी राहणार आहेत. पुढच्या भरतीची जाहिरात निघण्याआधी आटपाडीत एक उजेडातले, उघडे, मोजलेले मैदान तयार असावे. तालुक्याच्या लोकप्रतिनिधींनी त्याची तारीख आत्ता जाहीर करावी आणि पाळावी.