यंत्रासाठीची चिठ्ठीही सुवाच्य हवी

समजा, धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या अधिकाऱ्याने एआय मदतनिसाला विचारले, ‘आपल्या जिल्ह्यात ॲनिमिया असलेल्या महिलांचे प्रमाण पूर्वी किती होते?’ मदतनिसाने माहितीसाठा धुंडाळला आणि उत्तर दिले, ‘या जिल्ह्याची जुनी माहिती उपलब्ध नाही.’ माहिती असते, पण ती ‘उस्मानाबाद’ या नावाखाली. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये बदलले. २०११ ची जनगणना, २०१८ चा आकांक्षित जिल्हा कार्यक्रम, २०१९-२१ चे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण यांत जुनेच नाव आहे. शिवाय शहर, तालुका आणि जिल्हा तिन्हींचे नाव एकच. इथल्या माणसाला हे ठाऊक असते. यंत्राला ते लिहून द्यावे लागते.

हे कुठे लिहायचे? अलीकडचे एआय एजंट नुसत्या गप्पा मारत नाहीत. प्रश्न ऐकून कोणते साधन वापरायचे, हे ते स्वतः ठरवतात. साधन म्हणजे एखाद्या माहितीसाठ्याची खिडकी. प्रत्येक खिडकीवर चार-सहा ओळींचे वर्णन असते: इथे काय मिळते, काय विचारायचे, उत्तर कोणत्या स्वरूपात येते. एजंट आतला साठा पाहत नाही, ही पाटी वाचतो. पाटी अर्धवट असेल तर तो अंदाज बांधतो आणि तो अंदाजही ठामपणे सांगतो.

अशा चुकीची किंमत चटकन दिसते ती क्रिप्टोच्या व्यवहारात, कारण तिथे थेट पैसे जातात. तिथले पहिले संकट नावाचे. एखाद्या प्रसिद्ध टोकनचे नाव आणि चिन्ह कोणीही आपल्या नव्या, बनावट टोकनला देऊ शकतो. खरी ओळख असते ती कॉन्ट्रॅक्टच्या लांबलचक पत्त्यात. म्हणून ‘टोकनची किंमत देते’ एवढेच वर्णन पुरत नाही. ‘चिन्ह नको, पत्ता आणि ब्लॉकचेनचे नाव द्या’ असे स्पष्ट लिहावे लागते.

दुसरे संकट दशांश चिन्हाचे. ब्लॉकचेनवर रक्कम पूर्णांकात साठवतात. इथेरियमवर यूएसडीसी या टोकनला सहा दशांश स्थळे आहेत, तर इथरला अठरा. मिळालेला आकडा कच्चा आहे की भागून दिलेला, हे वर्णनात नसेल तर हिशेब सहा किंवा अठरा शून्यांनी चुकू शकतो.

दवाखान्याला हे दोन्ही धोके जुनेच आहेत. उपाशीपोटी रक्तातील साखर ‘७’ म्हणजे काय? मिलिमोलमध्ये मोजली असेल तर ती मधुमेहाची सीमा, आपल्याकडच्या मिलिग्रॅमच्या मापात १२६. पण ‘७’ मिलिग्रॅम समजले, तर रुग्ण मरणाच्या दारात आहे असे वाटेल. ॲनिमियाचेही तसेच. गर्भवतीसाठी हिमोग्लोबिनची मर्यादा ११ ग्रॅम, इतर महिलांसाठी १२. कोणती मर्यादा वापरली हे न सांगता दिलेली टक्केवारी दिशाभूल करते. डॉक्टरांनी औषधाचे जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावे, हा नियम २०१६ मध्ये आला तो याच काळजीपोटी. चिठ्ठी वाचणारा लिहिणाऱ्याच्या मनात डोकावू शकत नाही.

तिसरे संकट सर्वांत फसवे आहे: शून्य आणि ‘नोंद नाही’ यांतला फरक. एखाद्या उपकेंद्राचा अहवालच आला नाही आणि साधनाने ‘०’ परत दिले, तर एजंट सांगेल, तिथे डेंग्यूचा एकही रुग्ण नाही. त्या उत्तरावर फवारणीचे गाव ठरले, तर जिथे माणसे तापाने फणफणत आहेत तेच गाव वगळले जाईल. म्हणून वर्णनात लिहायलाच हवे: ‘अहवाल नसल्यास शून्य येणार नाही, अहवाल नाही असे येईल.’ अर्थात साधनाने तसे वागायलाही हवे.

‘नवी मॉडेल हुशार आहेत, समजून घेतील,’ असे काही जण म्हणतात. हुशारीने भाषा समजते. तालुक्याचा आकडा आहे की जिल्ह्याचा, हे कुठेच लिहिले नसेल तर हुशार माणूसही चुकतो. उलट, पानभर वर्णन लिहिणे हाही उपाय नव्हे. ढीगभर साधने आणि लांब सूचनांत एजंटही गोंधळतो. नेमकी ओळख, एकक, कालावधी, ‘नोंद नाही’चा अर्थ आणि हे साधन कशासाठी वापरू नये, एवढे सांगितले तरी बरेच काम होते.

हे काम फक्त संगणक अभियंत्यावर सोडू नये. त्याला साठ्याची रचना कळते. आकडा कुठून येतो, कोणत्या महिन्यात उशिरा येतो, हे मात्र आरोग्यसेविकेला आणि सांख्यिकी सहायकाला कळते. सरकारी आरोग्य माहिती एआयला खुली करण्यापूर्वी प्रत्येक वर्णन त्यांच्याकडून तपासून घेणे सक्तीचे करावे. भूम किंवा परंड्यातील आरोग्यसेविकेला ते वाचायला द्यावे. तिने ‘म्हणजे नेमके कुठले?’ असे विचारले, तर उत्तराचे ते वाक्य वर्णनात घालावे. यंत्र तो प्रश्न विचारेलच, याची खात्री नाही.